परक्यालाही आपलं मानायला शरीर शिकू शकतं, हे सिद्ध करणारा शास्त्रज्ञ : पीटर मेडावार

साल १९४०. दुसरं महायुद्ध पेटलेलं. इंग्लंडच्या आकाशात रोज विमानांची घरघर. ऑक्सफर्डमध्ये एका रविवारी दुपारी पंचविशीतला एक प्राणिशास्त्रज्ञ बायको आणि लहान मुलीसोबत घराच्या बागेत बसला होता. तेवढ्यात एक बॉम्बफेकी विमान डोक्यावरून अगदी खालून गेलं आणि जवळच्याच एका बागेत कोसळून पेटलं.

विमान ब्रिटिशांचंच होतं. त्यातला एक तरुण सैनिक जिवंत सापडला, पण त्याच्या अंगाचा मोठा भाग जळून गेला होता.

काही वर्षं आधी इतका भाजलेला माणूस लगेच दगावला असता. पण आता रक्त चढवता येत होतं, सल्फाची औषधं आली होती, त्यामुळे असे रुग्ण पहिल्या धक्क्यातून वाचायला लागले होते. खरी अडचण त्याच्या पुढे होती. अंगावर कातडीच उरली नाही तर जखमा भरणार कशा?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या शास्त्रज्ञाला बोलावलं आणि काही करता येईल का म्हणून विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण तो प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. पुढच्या वीस वर्षांत त्याच प्रश्नाचा पाठलाग करत तो थेट नोबेलपर्यंत पोचला. आज जगात कुठेही किडनी, लिव्हर किंवा हृदय बदललं जातं, त्यामागच्या विचारात या माणसाचा मोठा वाटा आहे.

त्याचं नाव पीटर ब्रायन मेडावार.

बाप लेबनॉनचा, आई इंग्रज, जन्म ब्राझीलमध्ये

२८ फेब्रुवारी १९१५ ला पीटरचा जन्म ब्राझीलमध्ये झाला. वडील निकोलस मूळचे लेबनॉनचे. दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता. आई एडिथ इंग्रज. पीटर लहान असतानाच त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आलं.

मार्लबरो कॉलेज या नावाजलेल्या निवासी शाळेत तो शिकला, पण तिथे तो कधी रमला नाही. वेगळं आडनाव, अरबी वळणाचा चेहरा आणि शाळेतल्या पोरांचा मोठेपणाचा तोरा. आपण इथले नाही, ही जाणीव त्याला तिथे पुरेपूर मिळाली. त्या शाळेबद्दलची नाराजी त्यांनी म्हातारपणीही लपवली नाही. एक चांगली गोष्ट मात्र तिथे घडली, ती म्हणजे जीवशास्त्राची गोडी लागली.

१९३२ साली तो ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजात आला. प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळवला आणि पुढे हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. हे तेच फ्लोरी, ज्यांच्या टीमने पेनिसिलिनचं औषध करून दाखवलं. १९३७ साली पीटरने ऑक्सफर्डमध्येच भेटलेल्या जीन टेलरशी लग्न केलं. उंचापुरा, क्रिकेटवेडा, ऑपेराचा दर्दी आणि बोलायला लागला की समोरच्याला खिळवून ठेवणारा, अशी त्याची ख्याती होती.

आणि मग ते विमान कोसळलं.

स्वतःची कातडी लागते, दुसऱ्याची गळून पडते

इथे आपल्या पुण्याचा एक किस्सा सांगायला हवा.

१७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकात एक बातमी छापून आली. इंग्रजी फौजेसोबत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्यात एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. बातमीनुसार हा कारागीर विटा भाजणाऱ्या समाजातला होता. ही शस्त्रक्रिया कंपनीच्या डॉक्टरांनी पाहिली, ती बातमी युरोपभर वाचली गेली आणि १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने याच पद्धतीने ऑपरेशन करून दाखवलं.

कावसजीचं नाक टिकलं, कारण कातडी त्याची स्वतःचीच होती.

पण ज्याचं निम्म्याहून जास्त अंग भाजलंय, त्याच्याकडे काढून लावायला स्वतःची कातडी उरते कुठे? मग भावाची लावा, बापाची लावा. सर्जन लोकांनी हे करून पाहिलं होतं. पहिले काही दिवस ती कातडी छान धरायची. मग लाल व्हायची, सुजायची आणि काळी पडून गळून जायची. का, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. शस्त्रक्रियेत काहीतरी चुकलं असेल, टाके नीट पडले नसतील, असंच बरेच जण धरून चालले होते.

मेडावारना सरकारी संशोधन मंडळाने ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या हॉस्पिटलच्या जळीत विभागात पाठवलं. तिथे थॉमस गिब्सन नावाचे सर्जन होते. दोघांसमोर एक भाजलेली तरुणी आली. तिच्या जखमेवर त्यांनी दोन प्रकारचे बारीक बारीक तुकडे लावले, काही तिच्या स्वतःच्या कातडीचे आणि काही तिच्या भावाच्या. मग दर थोड्या दिवसांनी एकेक तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहायचा, असा त्यांनी क्रम ठेवला.

तिची स्वतःची कातडी रुजली. भावाची आधी रुजल्यासारखी दिसली आणि मग गळाली. इथवर अपेक्षेप्रमाणेच.

कमाल पुढे झाली. साधारण दोन आठवड्यांनी त्यांनी त्याच भावाच्या कातडीचे तुकडे पुन्हा लावले. या वेळी ते पहिल्यापेक्षा खूपच लवकर नष्ट झाले.

सर्जन तोच, जखम तीच, भाऊ तोच. म्हणजे दोष टाक्यांचा नव्हता. पहिल्या भेटीत तिच्या शरीराने भावाची कातडी ओळखून ठेवली होती आणि दुसऱ्या भेटीत आधीच तयार असलेली फौज तिच्यावर तुटून पडली. गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो लक्षात ठेवतं, पुन्हा सहसा होऊ देत नाही. अगदी तसंच.

१९४३ साली मेडावार आणि गिब्सन यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ऑक्सफर्डला परतून मेडावारनी सशांवर शेकडो प्रयोग केले आणि तोच नियम पुन्हा पुन्हा दिसला. परक्याची कातडी नाकारण्याचं काम आपली रोगप्रतिकारशक्तीच करते, हे आता पुराव्यानिशी समोर आलं.

याचा अर्थ वाईट होता. जी यंत्रणा आपल्याला जंतूंपासून वाचवते, तीच भावाची कातडी मारते. ती बंद करावी तर माणूस साध्या जंतुसंसर्गाने जाईल, चालू ठेवावी तर कातडी जाईल. अनेक सर्जन याच निष्कर्षावर आले होते, की एका माणसाचा अवयव दुसऱ्याला लावणं कधीच जमणार नाही.

गाईंनी शास्त्रज्ञांना खोटं पाडलं

१९४७ साली वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मेडावार बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. सोबत रूपर्ट बिलिंगहॅम हे तरुण सहकारी होते.

पुढच्या वर्षी स्टॉकहोमला जनुकशास्त्राची एक जागतिक परिषद भरली. तिथे गप्पांच्या ओघात ह्यू डोनाल्ड नावाच्या पशुशास्त्रज्ञाने आपली अडचण सांगितली. गाईला जुळी वासरं झाली, तर ती एकाच बीजापासून झालेली हुबेहूब जुळी आहेत की दोन वेगळ्या बीजांची, हे खात्रीने कसं ओळखायचं?

मेडावारना हा प्रश्न अगदी किरकोळ वाटला. एकाची कातडी दुसऱ्याला लावायची. टिकली तर हुबेहूब जुळी, गळाली तर वेगळी. त्यांनी तिथल्या तिथे हा उपाय सांगून टाकला, वर मदतीचं आश्वासनही दिलं.

मग ते आश्वासन पाळणं आलं. मेडावार आणि बिलिंगहॅम बर्मिंगहॅमहून स्टॅफर्डशायरमधल्या एका फार्मवर गेले आणि वासरांच्या कातडीचे तुकडे आपसात लावले.

निकाल बघून दोघंही चक्रावले. जवळपास सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. एक कालवड आणि एक गोऱ्हा, म्हणजे जी जोडी एका बीजाची असणं शक्यच नाही, तिनेही स्वीकारली. पण वेगवेगळ्या वेळी जन्मलेल्या भावंडांची कातडी मात्र नेहमीसारखी गळाली.

हे असं का होतं, याचं उत्तर आधीच छापलेलं होतं. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की गाईच्या पोटातल्या जुळ्या वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे दोघांचं रक्त गर्भातच मिसळतं. जन्मानंतरही प्रत्येकाच्या अंगात स्वतःच्या रक्तपेशींबरोबर जुळ्या भावंडाच्या रक्तपेशी वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुतेकदा वांझ निघते, त्यामागेही गर्भातला हाच जोड असतो.

ऑस्ट्रेलियातले मॅकफार्लेन बर्नेट यांनी ओवेन यांच्या शोधावरून १९४९ साली एक धाडसी कल्पना मांडली. आपलं काय आणि परकं काय याची यादी शरीर जन्मतः घेऊन येत नाही. गर्भावस्थेत जे जे समोर येतं, ते ते आपलं म्हणून शिकून घेतं. बर्नेट यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर हे तपासून पाहिलं, पण प्रयोग फसला.

मेडावार आणि बिलिंगहॅम यांनी बर्नेट यांचं पुस्तक वाचलं आणि गाईंचं कोडं त्यांना उलगडलं. जुळी वासरं एकमेकांना परकं मानतच नव्हती, कारण त्यांची ओळख आईच्या पोटातच झाली होती.

आता हे निसर्गाने घडवलं होतं. माणसाला मुद्दाम घडवता येईल का?

पोटातल्या उंदरांची ओळख करून दिली

१९५१ साली मेडावार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम सोबत होतेच. तिसरा माणूस होता लेस्ली ब्रेंट, मेडावारांचा विद्यार्थी. ब्रेंट मूळचा जर्मनीतला ज्यू मुलगा. नाझींच्या तावडीतून मुलांना बाहेर काढणाऱ्या गाडीने तो १९३८ साली एकटाच इंग्लंडला आला होता. त्याचे आईवडील आणि बहीण मात्र मारले गेले. आता हा निर्वासित तरुण आपलं आणि परकं यांच्यातली सीमा उंदरांमध्ये शोधत होता.

प्रयोग असा होता. उंदरांच्या दोन जाती घेतल्या, एक तपकिरी आणि एक पांढरी. एरवी पांढऱ्याची कातडी तपकिरीला लावली की दहा-बारा दिवसांत ती गळून जाते. या तिघांनी गाभण तपकिरी उंदरीच्या पोटातल्या पिल्लांना अतिशय बारीक सुईने पांढऱ्या उंदराच्या जिवंत पेशी टोचल्या. पिल्लं जन्मली, वाढली. सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर त्यांना पांढऱ्या उंदराची कातडी लावली.

त्यातल्या काही पिल्लांनी ती कातडी धरून ठेवली. नेहमीचे दहा-बारा दिवस उलटले, आठवडे गेले. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा ठिगळासारखा तुकडा मजेत वाढत राहिला.

पण इथे एक शंका होतीच. कदाचित शरीर काही शिकलंच नसेल. कदाचित या उंदरांची प्रतिकारशक्तीच दुबळी झाली असेल, म्हणून ते कशालाच विरोध करत नसतील. त्यांनी याच उंदरांना तिसऱ्याच जातीची कातडी लावून पाहिली, तर ती नेहमीप्रमाणे गळाली. म्हणजे प्रतिकारशक्ती ठणठणीत होती. सूट फक्त ओळखीच्या पांढऱ्या उंदरालाच होती.

दुसरी शंका उलट बाजूची. कदाचित उंदीर बदललाच नसेल, लावलेली कातडीच काहीतरी बदलून ओळखू येईनाशी झाली असेल. यासाठी त्यांनी तपकिरी जातीच्याच दुसऱ्या उंदरांच्या लिम्फ नोडमधल्या पेशी या शांत उंदरांना दिल्या. लिम्फ नोड म्हणजे आपल्याला काही झालं की काखेत, जांघेत किंवा गळ्याला सुजतात त्या गाठी. तिथे प्रतिकार करणाऱ्या पेशींची वस्ती असते. ज्यांना पांढरा उंदीर शत्रू म्हणूनच ठाऊक होता अशा या पेशी आत गेल्या आणि आठवडेच्या आठवडे सुखाने टिकलेला पांढरा तुकडा नष्ट झाला.

म्हणजे कातडी ओळखण्याजोगीच होती. ओळखूनही तिला हात लावायचा नाही, हे त्या उंदराचं शरीर शिकलं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हीच पांढऱ्या उंदराची पेशी मोठ्या उंदराला टोचली तर उलटा परिणाम होतो. शरीर सावध होतं आणि पुढची कातडी जास्त वेगाने मारतं, ग्लासगोच्या त्या तरुणीसारखंच. तीच पेशी, तोच उंदीर. पहिली भेट कधी झाली, यावर मैत्री की वैर हे ठरतं.

ऑक्टोबर १९५३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. मेडावार यांनी त्याला नाव दिलं, कमावलेली सहनशीलता.

शिकवणी नक्की होते कुठे?

शरीर स्वतःवर हल्ला करत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. पण ते कसं, हे मेडावारांच्या प्रयोगानंतर हळूहळू कळत गेलं.

आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिचं काम काय, हे १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवून दिलं. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात. एक पेशी एका ठरावीक आकाराचीच वस्तू ओळखते आणि कुठली पेशी काय ओळखणार हे जवळपास लॉटरीसारखं ठरतं. त्यामुळे जगात कुठलाही नवा जंतू आला तरी त्याला ओळखणारी एखादी पेशी आपल्याकडे असतेच. पण याच लॉटरीत आपल्याच स्वादुपिंडाला, आपल्याच सांध्यांना शत्रू समजणाऱ्या पेशीही तयार होतात.

म्हणून थायमसमध्ये त्यांची परीक्षा होते. आपल्याच शरीराला घट्ट चिकटणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात.

ही गाळणी शंभर टक्के नाही. काही पेशी निसटून बाहेर येतात. त्यांना आवर घालायला दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी असतात, ज्यांचं कामच मुळी बाकीच्यांना शांत करणं हे आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी दाखवल्या. अमेरिकेत मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यांच्याशी संबंधित जनुक शोधून काढलं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मेडावारांच्या उंदरांपासून निघालेली वाट अजून चालूच आहे, ती अशी.

हा तोल बिघडला की काय होतं? आवर कमी पडला, तर शरीर स्वतःलाच खायला उठतं. टाइप वन डायबेटिस, आमवात, ल्युपस हे त्यातलेच आजार. आवर जास्त झाला, तर कॅन्सरच्या पेशीही आपल्याच समजून सोडून दिल्या जातात. कॅन्सरवरची इम्युनोथेरपी हाच जादा लागलेला ब्रेक सैल करते. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवा असं सांगणाऱ्या जाहिराती दिसल्या की थोडं थांबून विचार करा. नुसती वाढवून भागत नाही, ती वेळेवर थांबायलाही हवी.

याची झलक मेडावारांच्या सहकाऱ्यांनाही मिळाली. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी नवजात पिल्लांना परक्या उंदरांच्या प्रौढ पांढऱ्या पेशी दिल्या, तर काही पिल्लं खुरटली आणि मेली. पिल्लांचं शरीर पाहुण्या पेशींना काही करत नव्हतं, पण पाहुण्या पेशीच यजमानावर उलटल्या होत्या. आज बोनमॅरो प्रत्यारोपणात डॉक्टर ज्या धोक्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात, तो हाच.

१९५३ सालीच मेडावारांनी आणखी एक प्रश्न जाहीरपणे मांडला. पोटातल्या बाळात निम्मा वारसा वडिलांचा, म्हणजे आईच्या दृष्टीने परका. मग आईचं शरीर नऊ महिने त्याला सांभाळतं कसं? वाचायला सोपा वाटणारा हा प्रश्न आजही संशोधकांना कामाला लावतो.

नोबेल मिळालं, पैसे वाटून टाकले

१९६० साली बर्नेट आणि मेडावार यांना मिळून नोबेल देण्यात आलं. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांची नावं त्यात नव्हती. मेडावारांना हे पटलं नाही. प्रयोग तिघांचा आहे ही त्यांची भूमिका ठाम होती आणि आपल्या वाट्याच्या रकमेतला हिस्सा त्यांनी त्या दोघांना दिला. गाईंचं कोडं आधी सोडवणारे ओवेनही यादीबाहेरच राहिले.

मेडावारांचा प्रयोग माणसावर जसाच्या तसा करणं शक्य नव्हतं. चाळिशीत किडनी निकामी होणाऱ्या माणसाला आईच्या पोटात असतानाच दात्याच्या पेशी कोण देणार? पण भिंत ओलांडता येते हे एकदा दिसल्यावर सर्जन लोकांना हुरूप आला. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांच्या टीमने एका भावाची किडनी त्याच्या हुबेहूब जुळ्या भावाला लावली आणि ती चालली. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली. खुद्द मेडावारांनीही साठच्या दशकात पांढऱ्या पेशींना रोखणाऱ्या सीरमवर काम केलं. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन सर्रास वापरात आलं आणि अवयव प्रत्यारोपण नेहमीची शस्त्रक्रिया होऊ लागली.

भर कॅथेड्रलमध्ये झटका आला

१९६२ पासून मेडावार लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक होते. १९६५ साली ते सर झाले. रेडिओवर, सभांमध्ये, लेखांमधून विज्ञान समजावून सांगणारा त्यांच्यासारखा माणूस त्या काळात विरळाच.

सप्टेंबर १९६९. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञान संघटनेचे ते त्या वर्षीचे अध्यक्ष होते. एक्झेटर शहरात वार्षिक अधिवेशन होतं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेच्या वेळी ठरलेला उतारा वाचत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय होतं अवघं ५४.

डावी बाजू लुळी पडली. डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. बारीक सुईने उंदराच्या गर्भापर्यंत पोचण्याचं काम करणाऱ्या माणसाचा एक हात कायमचा निकामी झाला.

१९७१ साली त्यांनी संचालकपद सोडलं, पण काम सोडलं नाही. हॅरोच्या एका संशोधन केंद्रात ते पुन्हा प्रयोगांकडे वळले. पुढेही झटके आले. प्रत्येक वेळी जीनबाई पाठीशी उभ्या राहिल्या. त्या स्वतः कुटुंबनियोजनाच्या चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या. दोघांनी मिळून पुस्तकंही लिहिली.

गंमत म्हणजे लेखक म्हणून मेडावारांची बरीच कमाई या आजारपणानंतरची आहे. तरुण शास्त्रज्ञांना सल्ला देणारं त्यांचं पुस्तक १९७९ साली आलं आणि ते आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिलं जातं. विज्ञानाच्या मर्यादांवर त्यांनी १९८४ साली लिहिलं. १९८६ साली आत्मचरित्र आलं, त्याच्या नावात त्यांनी स्वतःला विचार करणारा मुळा म्हणवून घेतलं. इतक्या दुखण्यांनंतरही त्यांची थट्टेची खोड गेली नव्हती.

२ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७२.

मग आज काय?

आज किडनी बदललेला माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची यादी असते. त्या गोळ्या बहुतेकांना जन्मभर घ्याव्या लागतात. एकही दिवस चुकवायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद असते, कारण गोळी चुकली की शरीर त्या किडनीला पुन्हा परकं म्हणून गाठू शकतं. शिवाय या गोळ्या संपूर्ण प्रतिकारशक्तीलाच दाबतात, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती कायम राहते. त्यात दर महिन्याचा खर्च वेगळाच.

मेडावारांच्या त्या तपकिरी उंदराला एकही गोळी लागत नव्हती. त्याच्या शरीराने एकाच पाहुण्याला सूट दिली होती आणि बाकी सगळ्यांसाठी पहारा चालू ठेवला होता. किडनीसोबत दात्याच्या बोनमॅरोतल्या पेशीही देऊन माणसातही असंच घडवायचे प्रयत्न चालू आहेत. काही मोजक्या रुग्णांच्या गोळ्या त्यातून खरंच बंद झाल्या आहेत. पण ही पद्धत अवघड आहे, त्यात धोका आहे आणि सगळ्यांसाठी ती अजून तयार नाही.

तोवर तुमच्या ओळखीत कुणी अवयव बदललेलं असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाळायला मदत करा आणि स्वतःला सर्दी-ताप असेल तेव्हा त्यांना भेटायला जाणं टाळा. त्यांचं शरीर एका परक्याला सांभाळून घेतंय, त्याला आणखी पाहुणे झेपत नाहीत.